‘मले’ म्हणजे मळे नव्हे

दुसरबीडच्या स्टॉपवर मी उतरले तेव्हा एक माणूस फोनशी भांडत होता.

फोनवरच्या कुणाशी नाही, फोनशीच. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, तो गळ्यात अडकवलेला, आणि डाव्या हातात मोबाइल आरशासारखा तोंडासमोर धरलेला. डिसेंबरातली सकाळ होती. बोलताना त्याच्या तोंडातून वाफ निघत होती.

“मले उशीर होऊन राह्यला,” तो म्हणाला. मग स्क्रीनकडे बघून, “मळे नाही बे. मले. म — ले.”

मला शाळेचा रस्ता विचारायचा होता. आसपास दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्याच्याजवळ गेले आणि न राहवून म्हणाले, “‘मला’ म्हणा. त्याला ‘मला’च कळतं.”

त्यानं वर पाहिलं. पापण्या मुलीसारख्या लांब… हे मी उगाच लक्षात ठेवलं.

“मी काऊन बदलू? फोन नवा हाये. शिकीन हळूहळू.”

“आणि तोवर?”

“तोवर हेडमास्तर समजतीन का आज मळे उशिरा येऊन राह्यले.”

मी हसले. अनोळखी माणसासमोर इतकं हसायचं नव्हतं, पण हसले. मग शाळेचा रस्ता विचारला.

“मीबी तिथंच चाललो,” तो म्हणाला.

“शिक्षक आहात?”

“व्हायचं हाये. तुम्ही?”

“मलाही व्हायचंय.”

मी देऊळगाव राजाची. बी.एड.चं दुसरं वर्ष, आणि आंतरवासितेसाठी मला ही शाळा मिळालेली. तो सुलतानपूरचा, दुसऱ्या कॉलेजचा, पण शाळा हीच. चालता चालता त्यानं हाताची कथा सांगितली. सुलतानपूरच्या अलीकडं मोटरसायकलसमोर रोही, म्हणजे नीलगाय, आडवा आला. “रोही वाचला, हात गेला. आता लिहिता येत नाही, म्हणून हे बोलून लिहिणं.”

“नाव काय तुमचं?”

“राजकुमार.”

मी ओठ दाबले.

“हसा,” तो म्हणाला. “सगळेच हसतेत. आईची हौस. तुमचं?”

“समता.”

“हे बरं हाये. याले कोणी हसत नाही.”

*

शाळेत आम्ही तिघं छात्रशिक्षक होतो. मी, राजकुमार आणि मंजुश्री. मंजुश्री माझ्याच कॉलेजची, शांत आणि नीटनेटकी, साडीची एक निरी इकडची तिकडे न होऊ देणारी. आमच्यावर लक्ष ठेवायला मोतीराम सर होते. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, “शेवटी तिघांनी मिळून एक पाठ घ्यायचा. ऑनलाइन साधनं वापरून. समता, साधनं तू शोध.”

मी शोधायला बसले आणि गोंधळून गेले. जिथं जावं तिथं एक नवंच साधन, आणि प्रत्येकाचा दावा असा की हेच सगळ्यांत सोपं. एकाला वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हातात फोन हवा होता. दुसऱ्यात एक कार्टून होतं, ते इंग्रजीतून ओरडत होतं. तिसरं मात्र गंमतीचं निघालं. मुलांच्या हातात नुसता छापलेला पुठ्ठा द्यायचा, उत्तर असेल ती बाजू वर धरायला सांगायची, आणि बाईंनी आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. कुणाचं उत्तर बरोबर, कुणाचं चूक, फोनच सांगतो. मी ते घरी आईवर करून पाहिलं. आईनं सगळ्या प्रश्नांना ‘ब’ धरला, कारण ती बाजू तिच्या हाताला सोपी पडत होती.

शाळेत ग्रामपंचायतीनं दिलेला एक मोठा टीव्ही होता, पण इंटरनेट नव्हतं. वर्गात रेंज फक्त राजकुमारच्या सिमला यायची, तीही लिंबाच्या बाजूच्या खिडकीत उभं राहिलं तर. म्हणून मी टीव्हीपाशी आणि तो खिडकीत, असं आमचं काम सुरू झालं.

“हॉटस्पॉटचा पासवर्ड?” मी विचारलं.

“रोही आडवा आला. सगळं जोडून लिहा.”

“तुम्ही सरळ उत्तर कधी देता का?”

“हेच सरळ हाये, मॅडम. टाकून तं पाहा.”

टाकून पाहिलं. खरंच तोच होता.

त्या दिवशी सातवीला मी आकाशातून दिसणारा नकाशा दाखवला. आधी लोणारचं सरोवर. पोरं म्हणाली, मॅडम, हे तर डोळ्यासारखं दिसते. मग रस्त्यारस्त्यानं सरकत आम्ही दुसरबीडात आलो, आणि वर्ग टीव्हीवर तुटून पडला. हे माहं घर. ही आमची विहीर. हे आमचं वावर, नाही बे, हे आमचं हाये, तुमचं वढ्याच्या पलीकडं. नकाशा शिकवायला मी तोंडही उघडलं नव्हतं आणि पोरं दिशा, रस्ते, अंतर सगळं एकमेकांना समजावून सांगत होती.

काजल नावाची एक मुलगी तेवढी मागं उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं. “माहं घरच नाही त्यात,” ती म्हणाली.

तिनं दाखवलं तिथं खरंच मोकळी जागा होती. राजकुमार खिडकीतूनच म्हणाला, “फोटो जुना हाये, काजल. तुमचं घर त्याच्या मांघून झालं. म्हंजे ह्या नकाशापेक्षा तुले जास्त माहीत हाये.”

मग मी त्या मोकळ्या जागेवर एक खूण रोवली आणि तिच्याकडूनच तिथं लिहून घेतलं, ‘काजलचं घर’. ती इतकी हसली की मी खिडकीकडे पाहिलं. तोही माझ्याकडेच पाहत होता, फोन डोक्याच्या वर धरून, कारण रेंज तिथंच होती.

“समता,” वर्ग सुटल्यावर तो म्हणाला, “लई मस्त शिकवते तू.”

तू. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, त्याला कळलंही नसेल. मला मात्र कळलं… आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

*

शाळा सुटली की माझी बस एका दिशेला आणि त्याची दुसऱ्या. म्हणून आम्ही रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे राहायचो. मधून ट्रक जायचे, उसाचे ट्रॅक्टर जायचे. ट्रक गेला की पलीकडे तो दिसायचा, प्लास्टरचा हात पंख्यासारखा हलवत. पुन्हा ट्रक. पुन्हा तो. मी मान खाली घालून हसायचे आणि मंजुश्री विचारायची, “काय गं?” मी म्हणायचे, “काही नाही.”

काही होतं का, ते माझं मलाच ठरवता येत नव्हतं. तो सगळ्यांशीच गमतीनं बोलायचा. मोतीराम सरांशी, पोरांशी, टपरीवाल्याशी. त्यातलं माझ्यासाठी वेगळं किती आणि त्याच्या स्वभावाचं किती?

अशात एका संध्याकाळी बसमध्ये त्याचा मेसेज आला.

‘मला तूप शिवाय करमत नाही.’

मी तो पुन्हा पुन्हा वाचला. ‘मला’ तेवढं फोन शिकला होता. पण तूप? पुढं काही नव्हतं. घरी येऊन आईला सांगितलं, की आमच्याबरोबरचे एक सर आहेत, हात मोडलाय, आणि असं असं लिहितात.

आई म्हणाली, “हाड मोडलं म्हंजे माणसाले तूप लागतेच. घरी नशीन बिचाऱ्याच्या. सांगाले लाजला नाही, हे बरं केलं.”

दुसऱ्या दिवशी आईनं कणकेच्या तळलेल्या बिट्ट्या केल्या, वरण केलं, आणि एका बरणीत तूप भरून दिलं. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात मी ते सगळं त्याच्यासमोर ठेवलं.

“हे काय?”

“तूप,” मी म्हणाले. “तुमचा मेसेज मिळाला.”

तो कानापर्यंत लाल होत गेला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “घरी सांगितलं तू?”

“हो. आईला.”

“आईले? एवढ्या लवकर?”

“त्यात लपवायचं काय?”

“मंग… रागावल्या नाहीत त्या?”

“रागवेल कशाला? ती म्हणाली, अशा वेळी लागतंच. सांगायला लाजला नाहीत ते बरं केलंत, म्हणाली.”

त्याच्या हातातली बिट्टी वरणात पडली.

डाव्या हातानं त्याला ती कुस्करता येईना. मी ताट ओढून घेतलं, बिट्ट्या कुस्करल्या, वर तूप सोडलं आणि पुन्हा त्याच्यापुढं सरकवलं. तो खाली मान घालून जेवला. शेवटी बोटं चाटून म्हणाला, “तुह्या आईले सांग, मी हे विसरणार नाही.”

तुपासाठी हे जरा जास्तच होतं. पण हात मोडलेली माणसं हळवी होत असतील, असं मी मनाशी म्हणाले.

त्या दिवसापासून तो बदलला. हरभऱ्याचे घाटे आणायचा, बोरं आणायचा, आणि ती सगळ्यांसमोर माझ्याच हातात द्यायचा. माझ्याकडं असा बघायचा, जसं काही आमच्यात एक गोष्ट ठरलीय आणि ती आम्हा दोघांनाच माहीत आहे. मला ती माहीत नव्हती. पण तसं बघितलेलं आवडत होतं… हीच तर पंचाईत.

एकदा त्यानं विचारलं, “बाबांलेबी सांगितलं का?”

“कशाचं?”

“तेच.”

“तुपाचं? बाबांना काय करायचंय त्याचं?”

तो कितीतरी वेळ हसला. “बराबर हाये,” म्हणाला, “बापाले शेवटीच सांगा लागते.”

मी घरी जाईपर्यंत त्या वाक्याचा अर्थ लावत होते. लागला नाही.

*

जानेवारी संपत आला आणि शनिवारी संध्याकाळी दुसरा मेसेज आला.

‘घरी बोलायला सुरुवात करू का तुला मंजू रशीन तर सांग.’

मी अंगणात वाळलेले कपडे काढत होते. दोरीवरची ओढणी हातात तशीच राहिली.

‘रशीन’ म्हणजे काय ते कळलं नाही, पण ‘मंजू’ स्वच्छ कळलं. ‘मंजू’, ‘घरी बोलायला सुरुवात करू का’, आणि ‘सांग’. एवढं पुरेसं होतं. मंजुश्री माझी मैत्रीण. तिच्या मनात काय आहे ते मी विचारून सांगावं, आणि होकार असेल तर हा घरी बोलणार. घाटे, बोरं, ते बघणं… सगळं माझ्या वाटेनं तिच्यापर्यंत पोचायचं होतं.

मी लिहिलं, ‘विचारते तिला, मग सांगते.’

लगेच उत्तर आलं, ‘हो घाई नाही.’

त्या रात्री मी जेवले नाही. आईला म्हणाले, डोकं दुखतंय. आई म्हणाली, “त्या मोबाइलात तोंड घालून बसल्यावर दुखन नाही तं काय.” ते एका अर्थी खरंच होतं.

सोमवारी मी त्याच्याशी कामापुरतं बोलले. मंगळवारी तेवढंही नाही. तो गोंधळलेला दिसत होता, पण विचारत नव्हता. ‘घाई नाही’ म्हणाला होता ना.

बुधवारी हिंमत करून मंजुश्रीला पाण्याच्या टाकीमागं नेलं आणि सांगून टाकलं. म्हणाले, राजकुमार सरांना तू आवडतेस, घरी बोलू का विचारताहेत.

तिनं डोळे मोठे केले. “माझ्याबद्दल? अगं, ते माझ्याशी कधी धड बोललेसुद्धा नाहीत.”

“लाजत असतील.”

“राजकुमार सर? लाजत?” तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, “कुणाला सांगितलं नव्हतं, तुला सांगते. चिखलीचा हर्षल, माझ्या मावशीच्या नात्यातला. ठरलंय आमचं. परीक्षा झाली की लग्न. त्यांना सांग, वाईट वाटून घेऊ नका.”

मला एकदम हलकं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची लाजही वाटली. त्याला मिळालेल्या नकाराचा मला आनंद झाला होता. आता तो नकार घेऊन मलाच त्याच्याकडं जायचं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तिघांचा पाठ होता. म्हटलं, पाठ होऊ दे. मग सांगू.

*

पाठाचा विषय होता ‘आपली बोली, आपली भाषा’. विषय राजकुमारचा, साधन त्याच्याच फोनमधलं. पोरांनी फोनसमोर एक एक वाक्य बोलायचं, ते टीव्हीवर लिहून येणार, मग सगळ्यांनी वाचायचं. मागं मोतीराम सर गुण द्यायला बसलेले. आधी पुठ्ठ्यांची प्रश्नमंजुषा मंजुश्रीनं घेतली, ती छान झाली. मग राजकुमार उठला.

पहिल्या पोरानं सांगितलं, “माह्या बापानं हरभरा सोंगला.” म्हणजे कापला. टीव्हीवर आलं, ‘माझ्या बापाने हरभरा सांगला’. वर्ग हसून लोळला.

“चूक कोणाची?” राजकुमारनं विचारलं.

“टीव्हीची,” पोरं म्हणाली.

“चूक कोणाचीच नाही. त्यानं अजून तुमच्यासारखं बोलणारं माणूस ऐकलंच नाही. आता असं करा. लिहिलेलं डोळ्यानं वाचू नोका. मोठ्यानं म्हणा, आन् कानानं ऐका, काय म्हणायचं होतं ते.”

मी टीव्हीशेजारी उभी होते. पुढचा भाग माझा होता, म्हणून मनात उजळणी करत होते. शिवम नावाचा एक बारकासा मुलगा उठला आणि फोनमध्ये म्हणाला, “उद्या बाजार अशीन तं मी शाळेत येत नाही.”

टीव्हीवर अक्षरं उमटली, ‘उद्या बाजा रशीन तर मी शाळेत येत नाही’.

“बाजा रशीन,” पोरं मोठ्यानं ओरडली. “बाजा रशीन… बाजार अशीन. सर, बाजार अशीन म्हणून राह्यला तो.”

रशीन.

माझ्या कानात काहीतरी सरकलं. मंजू रशीन. मी ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं. मंजू रशीन… मंजूर अशीन. तुला मंजूर अशीन तर सांग. तुले मंजूर अशीन तं सांग.

मग पाठोपाठ दुसरं आलं, मी न बोलावता. तूप शिवाय. तूप शिवाय. तुह्याशिवाय.

मले तुह्याशिवाय करमत नाही.

आणि मी त्याला बरणीभर तूप नेऊन दिलं होतं.

“समता मॅडम,” मोतीराम सर मागून म्हणाले, “पुढचा भाग तुमचा ना?”

माझा होता. पण तो कुठून सुरू होतो तेच आठवेना. हातातला खडू मी टीव्हीवर टेकवला, लिहायला. पोरं हसली. राजकुमारनं माझ्याकडं पाहिलं, मग वर्गाकडं वळून शांतपणे म्हणाला, “मॅडम आज ऐकून राह्यल्या. पुढचं मी घेतो.” आणि त्यानं माझा भाग माझ्याच टाचणाप्रमाणं, माझीच उदाहरणं घेऊन शिकवला. त्याला तो पाठ होता.

*

शाळा सुटताना आभाळ भरून आलं आणि स्टॉपवर पोचेपर्यंत अवकाळी पाऊस लागला. मंजुश्री गावातल्या ओळखीच्या घरी थांबली. मी रस्त्याच्या माझ्या बाजूला छपराखाली उभी राहिले. पलीकडं त्याच्या बाजूला छप्पर नव्हतं. तो भिजत होता, प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधून.

मी हातानं खुणावलं. तो रस्ता ओलांडून आला. केसांतून पाणी गळत होतं.

“बरं नाही का तुले?” त्यानं विचारलं. “वर्गात असं काऊन झालं?”

मी माझा फोन त्याच्यासमोर धरला. दोन्ही मेसेज.

त्यानं वाचले. बहुतेक पहिल्यांदाच वाचले, कारण चेहरा हळूहळू उतरत गेला. “हे मी धाडलं?”

“तुम्ही बोलता आणि न वाचता पाठवता.”

“म्हंजे ते तूप…”

“तूप म्हणूनच दिलं होतं मी.”

“आन् ‘विचारते तिला’? मले वाटलं आईले विचारून राह्यली.”

“मंजुश्रीला विचारलं. तिचं लग्न ठरलंय.”

तो मागच्या बाकावर बसला. छपरावर पाऊस वाजत होता. मग म्हणाला, “समता, घाई नाही म्हटलं, पण मलेच राहवलं नाही. मी तं घरी सांगून बसलो.”

“काय सांगितलं?”

“का देऊळगाव राजाची पोरगी हाये, समता नाव हाये, तिच्या घरून माह्यासाठी तूप येते. आईनं नाव ऐकलं, वडलाचं नाव विचारलं. मी सांगितलं, धम्मरत्न. समजली ती. मंग दोन दिवस बोललीच नाही माह्याशी. ताट वाढे, पण बोले नाही.”

मला हे माहीत होतं. इतके दिवस मी जे मनाजवळ येऊ दिलं नव्हतं, त्यात हेही होतं. त्याच्या घरात माझं नाव नुसतं नाव म्हणून ऐकलं जाणार नव्हतं.

“आता?”

“आज सकाळी डबा देताना म्हणे, पोरगी शिकवते बरी का. मी म्हटलं, माह्यापेक्षा बरी. म्हणे, तुह्यापेक्षा तं कोणीबी शिकवन.” तो किंचित हसला, मग ते हसू गेलं. “बाबाचं अजून काही खरं नाही. ते आईसारखे लवकर वळत नाहीत. पण ते माह्यावर हाये. तुह्या मनात काही नशीन तं मी सगळं मांघं घेतो. सांगतो का फोननं घोटाळा केला. तुहं नाव कुठं येणार नाही.”

तो ते खरंच करणार होता. माझं ‘नाही’ मिळालं असतं तर तो उठला असता आणि पावसात पलीकडं जाऊन उभा राहिला असता.

“मागं घेऊ नका,” मी म्हणाले.

“म्हंजे?”

“मला काहीच नीट सांगता येत नाहीये. पण मंजूचं नाव वाचलं, त्या दिवशी मी जेवले नाही.”

“काऊन?”

“तेच मला कळत नव्हतं.”

“आन् आता?”

आता कळलं होतं, पण आधी मला ते त्याच्याकडून ऐकायचं होतं. मी म्हणाले, “तुम्ही एकदा तोंडानं सांगा. फोन खिशात ठेवा.”

त्यानं फोन खिशात ठेवला. घसा साफ केला. इतका बोलका माणूस… त्याला वाक्य सापडेना. “तू मले आवडते,” तो शेवटी म्हणाला. “लई आवडते. वर्गात तू पोरायशी बोलते ना, तवा मी खिडकीत उभा राहतो, अन् मले वाटते, रेंज गेली तरी मी इथंच उभा राहीन.”

मी काय उत्तर दिलं, ते मला आजही ठाम सांगता येत नाही. मला वाटतं, मी ‘हो’ म्हणाले. त्याच्या मते मी ‘हाव’ म्हणाले. बस आली, मी चढले, आणि तिकीट काढताना कंडक्टरला दुसरबीडचंच तिकीट मागितलं.

*

घरी त्याच संध्याकाळी सांगितलं. बाबा लाइनमन. दिवसभर खांबांवर चढून आलेले असतात आणि घरी कमी बोलतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नाव, गाव, घरचे कोण, आई दोन दिवस बोलली नाही, तेही. मी काही लपवलं नाही.

आई मध्येच म्हणाली, “म्हंजे ते तूप…” आणि पुढं बोललीच नाही. तोंडाला पदर लावून आत गेली. हसत होती की काय, मला कळेना.

बाबांनी विचारलं, “तो आपल्या घरी जेवंन?”

“जेवलाय,” मी म्हणाले. “आईच्या हातच्या बिट्ट्या. शाळेत, सगळ्यांसमोर.”

“शाळेत जेवणं अलग. इथं, ह्या घरात.”

“जेवेल.”

“तू सांगून राह्यली. तो काय सांगते, ते मले पाहू दे.” ते उठले, खुंटीवरचा टॉवेल घेतला. “पोरी, गोड बोलणारे मी लई पाह्यले. घरच्याईसमोर टिकणारे थोडे असतेत. रविवारी बोलाव त्याले. माह्यासमोर बसू दे.”

त्यांचा होकार होता की नाही, ते आईलाही सांगता आलं नाही.

रविवारी सकाळपासून मला काही सुधरत नव्हतं. दोनदा अंगण झाडलं. एकदा चहात मीठ घातलं. अकराच्या बसची वेळ झाली तसे बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. “कुठं?” आईनं विचारलं. “स्टँडवर,” ते म्हणाले. “पाहुण्याले घर सापडन का?”

मी दारात उभी राहिले. बऱ्याच वेळानं गल्लीच्या तोंडाशी दोघं दिसले. राजकुमारचं प्लास्टर आदल्याच दिवशी निघालं होतं आणि तो हात अजून दुसऱ्याचाच असल्यासारखा जपून धरलेला. त्याची पिशवी बाबांच्या हातात होती. तो ती परत मागत होता, बाबा देत नव्हते. काहीतरी बोलणं चाललं होतं. बाबा बोलत होते, आणि तो ऐकत होता, मान खाली घालून, चांगल्या विद्यार्थ्यासारखा. मध्येच बाबा थांबले, त्यांनी त्याला विजेचा एक खांब दाखवला आणि वर बोट करून काहीतरी समजावलं. तोही मान वर करून मन लावून बघू लागला.

शेजारच्या अंबूबाईंनी ओट्यावरून विचारलं, “कोण हो हे, दादा?”

बाबांनी क्षणभर विचार केला. “आमच्या समताकडं आलेत,” ते म्हणाले, आणि फाटक उघडून बाजूला झाले.

राजकुमारनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. मग मी घाईघाईनं आत वळले, स्वयंपाकघरात गेले, आणि तिथं गेल्यावर मला काही केल्या आठवेना, की मी कशासाठी आत आले आहे.

आईनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. “जाय,” ती म्हणाली. “आधी पाणी दे त्याले.”